स्वस्त सेन्सर, खात्रीचा आकडा: घरातली हवा मोजण्याच्या क्षेत्रातील करिअर

घरातील हवा मोजणाऱ्या स्वस्त उपकरणांच्या इतिहासात चुलीच्या धुराला मोठे स्थान आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील कर्क स्मिथ यांच्या गटाने बाजारात सहज मिळणाऱ्या धूरसूचक अलार्ममधले भाग वापरून एक कणमापक तयार केला. सुधारित चुलींमुळे धूर खरोखर किती कमी होतो, हे पाहण्यासाठी तो पुणे परिसरातील गावांतल्या स्वयंपाकघरांतही वापरला गेला आणि त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतले महागडे यंत्र जिथे ठेवणे परवडत नाही, तिथे कमी खर्चात विश्वासार्ह आकडा मिळवायचा, हेच या क्षेत्राचे काम आजही आहे.

अशा उपकरणाच्या आत दोन-तीन प्रकारचे सेन्सर असतात. सूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, छोटा पंखा हवा आत ओढतो, लेसरचा प्रकाश कणांवर पडून विखुरतो आणि त्यावरून कणांचे प्रमाण काढले जाते. कार्बन डायऑक्साइड सुमारे ४.२६ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी शोषतो. त्याचे बहुतेक चांगले सेन्सर या गुणधर्मावर चालतात. तिसरा प्रकार टिन ऑक्साइडसारख्या तापवलेल्या धातू-ऑक्साइडचा. वायूच्या संपर्कात त्याचा विद्युतरोध बदलतो. तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवा. बाजारातली काही यंत्रे याच सेन्सरवरून कार्बन डायऑक्साइडचा ‘अंदाजे’ आकडा दाखवतात. प्रत्यक्षात तो वायू त्यांना कळतच नाही. सॅनिटायझरची बाटली जवळ उघडली तरी आकडा उसळतो.

सेन्सर, ईएसपी३२ सारखा मायक्रोकंट्रोलर आणि छोटा पडदा जोडून चालते यंत्र बनवणे डिप्लोमाच्या विद्यार्थ्यालाही एका सत्रात जमते. अवघड भाग त्यानंतर सुरू होतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि लेसरचा सेन्सर धूळ आहे त्याहून जास्त दाखवतो. कोकणातल्या पावसाळ्यात हा दोष टाळता येत नाही. कार्बन डायऑक्साइडचे अनेक सेन्सर ठरावीक दिवसांत एकदा तरी बाहेरची ताजी हवा मिळेल असे गृहीत धरून स्वतःच्या मोजणीचा पाया दुरुस्त करतात. सतत बंद असलेल्या वातानुकूलित खोलीत ती हवा येतच नाही आणि आकडा हळूहळू खोटा होत जातो. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम असतो. खोलीत तो १,००० च्या वर राहू लागला की वायुवीजन अपुरे आहे असे सामान्यतः मानतात. पायाच सरकला तर या तुलनेला अर्थ उरत नाही.

म्हणून कॅलिब्रेशन हा या व्यवसायाचा कणा आहे. स्वस्त यंत्र प्रमाणित यंत्राशेजारी काही आठवडे ठेवायचे, तापमान आणि आर्द्रतेसह दोन्हींचे आकडे जुळवायचे, सुधारणेचे सूत्र काढायचे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी २०२०-२१ मध्ये मुंबईत बाहेरच्या हवेसाठी असाच प्रयोग केला. या कामाला इलेक्ट्रॉनिक्सइतकीच संख्याशास्त्र आणि रसायनशास्त्राची जाण लागते. नेमके हेच विषय ‘स्कोरिंग नाहीत’ म्हणून बाजूला टाकले जातात.

‘हवा-सेन्सर अभियांत्रिकी’ अशा नावाची पदवी शोधण्यात अर्थ नाही. दहावीनंतर इन्स्ट्रुमेंटेशन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा तीन वर्षांचा डिप्लोमा आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश, हा खर्चाला हलका मार्ग आहे. बारावीनंतर एमएचटी-सीईटी किंवा जेईईतून अभियांत्रिकी करता येते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक सायन्समधील बीएस्सी, पुढे एमएस्सी, हाही तितकाच भक्कम रस्ता. पालक त्याला उगाच दुय्यम समजतात. आयआयटी मुंबईत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग असून तिथल्या एमटेकसाठी गेट ही परीक्षा उपयोगी पडते. वातावरणावरील संशोधनासाठी पुण्याची आयआयटीएम आणि सेन्सरच्या साहित्यासाठी पुण्याचीच सी-मेट या संस्था जवळ आहेत.

नोकरीचे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. केवळ घरातील हवेवर काम करणाऱ्या कंपन्या मोजक्या असून त्यातल्या बऱ्याच स्टार्टअप आहेत. त्यामुळे स्थैर्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये आणि काही दिवसांत ‘आयओटी तज्ज्ञ’ बनवणाऱ्या महागड्या वर्गांना पैसेही भरू नयेत. मात्र एम्बेडेड प्रोग्रॅमिंग, कॅलिब्रेशन आणि विदा-विश्लेषण ही कौशल्ये याच क्षेत्रापुरती नाहीत. वाहनांचे सुटे भाग, वैद्यकीय उपकरणे, इमारतींचे वातानुकूलन आणि औषधनिर्मितीतील स्वच्छ कक्ष अशा सर्व ठिकाणी त्यांना मागणी आहे.

पदवीच्या प्रकल्पासाठी नवे यंत्र बनवण्यापेक्षा एकाच प्रकारचे तीन सेन्सर एका वर्गखोलीत महिनाभर शेजारीशेजारी ठेवून ते एकमेकांशी किती जुळतात, खिडक्या उघडल्यावर, झाडू मारल्यावर आणि पावसात कसे वागतात, याची नोंद करणे अधिक मोलाचे. मुलाखतीत यंत्राच्या फोटोपेक्षा अशा नोंदींचा आलेख जास्त वेळ पाहिला जातो, आणि आकडा कुठे चुकतो हे सांगता येणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.