मळ्यांतील घरीं इंटरनेट कसें आणावें

(एका निवृत्त महसूल कारकुनाकडून)

जमिनीच्या कागदांचा बराचसा व्यवहार आतां इंटरनेटवरून चालतो, ही गोष्ट आपल्या वाचकांस नवी नाहीं. सात-बारा व आठ-अ यांचे अंकीय स्वाक्षरीचे उतारे घरबसल्या निघतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद खातेदारानें स्वतः ई-पीक पाहणींत करण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली. अवजारें, ठिबक वगैरेंच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. प्रत्येक कामास मुदत असते आणि ती टळल्यावर ‘मळ्यांत रेंज नव्हती’ ही सबब चालत नाहीं. गावठाणांत राहणाऱ्याचें कसें तरी निभतें. परंतु ज्याचें घर दोन-तीन किलोमीटर दूर शेतांत आहे, त्याला एका अर्जासाठीं तालुक्याच्या गांवीं दिवस मोडावा लागतो. मुलांचा अभ्यास व बाजारभाव हे आहेतच. म्हणून घरीं खात्रीचें इंटरनेट आणण्याचे मार्ग कोणते, व त्यांतला आपणांस सोईचा कोणता, याचा क्रमानें विचार करूं.

पंचायतीपर्यंत आलेली तार

ऑक्टोबर २०११ मध्यें केंद्र सरकारनें देशांतील सुमारें अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरनें जोडण्याची योजना मंजूर केली. तिलाच पुढें भारतनेट हें नांव मिळालें; आपल्या राज्यांत तिच्या दुसऱ्या टप्प्याचें काम महानेट या नांवानें झालें. फायबर म्हणजे केसासारखा बारीक कांचेचा तंतु. त्यांतून विजेऐवजीं प्रकाश धांवतो. पहिल्या रचनेंत ही तार एका गांवाहून पुढच्या गांवीं अशी सरळ जात असे. रस्त्याच्या कामांत ती मध्येंच तुटली, कीं पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याप्रमाणें पुढचीं सारीं गांवें कोरडीं. ऑगस्ट २०२३ मध्यें १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. तींत तार वर्तुळाकार फिरवून, एका बाजूनें तुटल्यास दुसऱ्या बाजूनें काम चालावें, अशी योजना आहे.

मात्र तार पंचायतीच्या कचेरींत आली म्हणजे आपल्या घरीं आली असें नव्हे. मुख्य कालवा शिवेवरून गेला म्हणून शेत भिजत नाहीं. चारी काढावी लागते. ती चारी आपणांसच मागून घ्यावयाची आहे.

मार्ग चार

पहिला मार्ग फायबरचा. एका मुख्य तंतूचे भाग पाडून तो ३२, ६४ किंवा अधिक घरांना देतां येतो, आणि सामान्यतः २० किलोमीटरपर्यंत तो काम देतो. म्हणजे मळ्याचें अंतर ही अडचण यंत्राची नसून तार ओढण्याच्या खर्चाची आहे. पाऊस, धुकें यांचा त्यावर परिणाम होत नाहीं. जेथें मिळेल तेथें हाच मार्ग घ्यावा.

दुसरा मार्ग मोबाईल टॉवरवरून हवेंतून येणाऱ्या जोडणीचा. छपरावर किंवा खांबावर यंत्र बसवून टॉवरची लहर घरांत घेतात. २०२३ मध्यें मोठ्या कंपन्यांनीं ‘एअरफायबर’ या नांवानें अशी सेवा सुरू केली. नांवांत फायबर असलें तरी घरापर्यंत तार नसते, हें ध्यानांत ठेवावें. टॉवर सर्वांचा सामाईक असल्यानें रात्रीं आठ-नऊच्या सुमारास वेग उतरूं शकतो.

तिसरा मार्ग बिनतारी दुव्याचा. गांवांतील उंच इमारतीवर एक व आपल्या घरावर एक अशीं समोरासमोर यंत्रें बसवितात. दोहोंमध्यें दृष्टि सरळ पोहोंचली पाहिजे. उन्हाळ्यांत स्वच्छ दिसणारी रेघ ऊस वाढल्यावर किंवा आंब्याला पालवी फुटल्यावर झांकली जाते. म्हणून पाहणी पीक उभें असतांना करावी.

चौथा मार्ग उपग्रहाचा. पृथ्वीपासून सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे संदेश जाऊन उत्तर परत येण्यास जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. समोरासमोरच्या बोलण्यांत तो जाणवतो. साडेपांचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या उपग्रहांत हा दोष फार कमी आहे. स्टारलिंक कंपनीस जून २०२५ मध्यें भारतांत परवाना मिळाला. ज्या डोंगरी वस्तीस पहिले तिन्ही मार्ग बंद आहेत, तिनेंच दराची पूर्ण चौकशी करून इकडे वळावें.

करार करण्यापूर्वीं

१. जाहिरातींतील वेग मेगाबिटांत असतो. आपण फाईल मोजतों मेगाबाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ४० मेगाबिटांची जोडणी सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट आणते.

२. महिन्याची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, तें लेखी विचारावें. सांगितलेल्या दरावर १८ टक्के वस्तु व सेवा कर धरला आहे कीं नाहीं, तेंही पाहावें.

३. हवेंतून येणारी जोडणी घ्यावयाची असल्यास निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमें शेजाऱ्यांकडून मागून आठ दिवस सकाळीं, दुपारीं व रात्रीं छपरावर वेग मोजावा व वहींत लिहावा. एका वेळच्या मोजणीवर विश्वासूं नये.

४. तार, खांब, यंत्र व अनामत यांचे आंकडे वेगळे मागावे. सेवा सोडल्यास यंत्र कोणाचें राहील, हें पावतीवर यावें.

तार दुसऱ्याच्या शेतांतून जात असल्यास

येथेंच भावकींत तंटे उद्भवतात. दूरसंचार अधिनियम २०२३ प्रमाणें खासगी जमिनींतून तार न्यावयाची तर कंपनीनें मालकाकडे अर्ज करून त्याच्याशीं करार करावयाचा असतो, आणि तार नेल्यानें कंपनीस जमिनीवर मालकी मिळत नाहीं. सबब शेजाऱ्यानें भिऊन नकार देण्याचें कारण नाहीं, व आपणही न विचारतां खांब रोवूं नये. गट नंबर, बांधाची बाजू व खांबांची संख्या कागदावर लिहून दोघांनीं सह्या कराव्या.

तार शक्यतों बांधानें न्यावी. पाणंदीवर ती इतकी उंच असावी, कीं उसाची भरलेली ट्रॉली खालून सुखरूप जाईल. पाचट पेटविण्यापूर्वीं तारेची जागा मोकळी करावी. पुष्कळ तारा अशाच जळतात. कांचेच्या तंतूंतून वीज वाहत नसली तरी आधाराची पोलादी तार वाहून नेते. म्हणून विजेच्या खांबांस ती बांधूं नये. घरांत तिला काटकोनांत मुरड घालूं नये.

वीज व बिघाड

घरांतील यंत्रास वीज लागते. शेतीपंपाच्या वाहिनीवरील वस्तीस वीज ठराविक तासच मिळते, तेव्हां लहान बॅटरी हवीच. बहुतेक यंत्रें १२ व्होल्टचीं असतात. १२ वॅट घेणारें यंत्र १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर हिशेबानें सात व प्रत्यक्षांत सुमारें पांच तास चालेल. घराबाहेर उंच बसविलेल्या यंत्रास अर्थिंग अवश्य करावें.

फायबरच्या यंत्रावर लाल दिवा लागला, तर बहुधा तार तुटलेली किंवा सुटलेली असते. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक, तारीख व वेळ वहींत लिहावी. नुसतें लाइनमनला फोनवर सांगणें म्हणजे तक्रार नव्हे. तोड न निघाल्यास त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जातां येतें. क्रमांक नसलेली तक्रार आणि आवक नोंद नसलेला अर्ज, दोहोंची किंमत सारखीच.

एकट्यानें न मागतां सर्वांनीं मागावें

एका घरासाठीं दोन किलोमीटर तार ओढणें कोणास परवडत नाहीं; त्याच वाटेवर बारा घरें असतील, तर खर्चाचा बारावा हिस्सा येतो. म्हणून प्रत्येक वस्तीनें घरांची यादी व हातनकाशा करून, सर्वांच्या सह्यांचा एकच अर्ज सेवा देणाऱ्यास द्यावा, त्याची प्रत ग्रामपंचायतीस द्यावी व दोन्ही ठिकाणची पोंच घ्यावी. पंचायतीची तार चालू आहे कीं नुसती पेटींत बंद आहे, हा प्रश्न ग्रामसभेंत विचारून उत्तर इतिवृत्तांत नोंदवून घ्यावें. पावसाळा संपून ऊसतोड सुरू होण्यापूर्वींचे दिवस खांब रोवण्यास सोईचे असतात. तेवढ्या अवधींत यादी तयार असावी.