अँटिबॉडी आहेत, मग मास्क सोडू का?

प्रश्न : मी निपाणीत परिचारिका आहे. कोविड होऊन गेला, कोव्हिशील्डही घेतली. बेळगावला केलेली अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली. आता वॉर्डात मास्क नको ना?

उत्तर : ताई, मास्क राहू द्या. रिपोर्टवर कोणतं प्रथिन लिहिलंय ते पाहा. ‘स्पाइक’ असेल तर अँटिबॉडी लशीच्याही असतील, आजाराच्याही. ‘न्यूक्लिओकॅप्सिड’ असेल तर आजाराच्याच, कारण कोव्हिशील्डमध्ये ते प्रथिन नसतं. कोव्हॅक्सिन घेतलेल्या सहकाऱ्यांना मात्र हा ठोकताळा लावू नका. तिच्यात अख्खा निष्क्रिय विषाणू असतो.

आयसीएमआरच्या जून-जुलै 2021च्या सर्वेक्षणात सुमारे 85 टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांत अँटिबॉडी सापडल्या होत्या. तरी जानेवारी 2022मध्ये ओमायक्रॉननं कितीतरी डॉक्टर-परिचारिकांना गाठलंच. ताप-खोकला आला तर रक्त नव्हे, स्वॅब द्या.

पैसे खर्चायचेच तर हिपॅटायटिस बीसाठी खर्चा. रोज सुया हाताळता ना? त्या लशीच्या तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटि-एचबीएस तपासतात. तिथे आकड्याला खरा अर्थ आहे : 10 किंवा जास्त आला तर संरक्षण मिळालं. कमी आला तर पुन्हा डोस घ्यावे लागतात. आपल्या डॉक्टरांना लगेच विचारा.