गोळी विरघळण्यास लागणारा वेळ

दिल्लीतील द्वारका येथे नळाचे पाणी जानेवारीत हाताला झोंबते, मे महिन्यात तेच कोमट लागते. तेव्हा पॅरासिटॅमॉलच्या दोन जातींच्या गोळ्यांपैकी एक हिवाळ्यात व दुसरी उन्हाळ्यात तपासली, तर आढळलेला फरक गोळीचा की पाण्याचा, हे सांगता येणार नाही. म्हणून पाण्याचे तपमान शरीराच्या उष्णतेइतके, म्हणजे ३७ अंश सेंटिग्रेड, राखावे. पाण्याचे माप व ढवळण्याची गतीही कायम ठेवावी. बदलावी ती केवळ गोळीची जात.

परंतु मोजावयाचे काय? गोळी फुटून तिचा चुरा होणे म्हणजे विरघळणे नव्हे. गोळीत बहुधा पिष्ट मिसळलेले असते. ते या पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पाणी नितळ होण्याची वाट पाहणे व्यर्थ होय. १९५५ साली प्रथम निघालेल्या भारतीय औषधिकोशातही फुटण्याची कसोटी निराळी व विरघळण्याची निराळी आहे. लेप नसलेली साधी गोळी सामान्यतः १५ मिनिटांत फुटावी, असा त्याचा दंडक आहे. विरघळलेले औषध मोजण्यास मात्र उपकरणे लागतात. शाळेत डोळ्यांना दिसते ते फुटणेच; नोंदवहीत तोच शब्द लिहावा. प्रत्येक जातीच्या निदान तीन गोळ्या शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासाव्यात. ते पाणी कोणीही चाखू नये.