सपाट मैदानातही मास्ट उंच का?

प्रश्न : माझा नातू जबलपूरच्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये आहे. तो म्हणतो, रेडिओ रिलेची दोन ठाणी एकमेकांना ‘दिसावी’ लागतात. इथे गोलबाजारात शेजारच्या गल्लीतलं भांड्यांचं दुकान दिसत नाही, तरी मोबाईल लागतो. मग लष्करालाच ही अडचण का?
– एक वाचक, गोलबाजार, रायपूर

उत्तर : नातू बरोबर सांगतो. बाजारात फोन लागतो तो टॉवर जवळ असतो म्हणून. लहरी भिंतींवर आपटत, वळसे घेत गल्लीत शिरतात. पण तोच टॉवर जरा नीट पाहा. उभ्या, लांबट पेट्या आपल्या फोनसाठी असतात. बऱ्याच टॉवरांवर डफासारखी गोल तबकडीही दिसेल. ती दूरच्या दुसऱ्या तबकडीकडे तोंड करून बसलेली असते आणि तिला मध्ये इमारत खपत नाही. लष्कराचा रिले हा त्याच जातीचा, फक्त गाडीवरून हलणारा.

शॉर्टवेव्ह रेडिओ वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून हजारो किलोमीटर जातो. रिलेच्या शेकडो मेगाहर्ट्‌झच्या लहरी मात्र सहसा परतत नाहीत, सरळ अवकाशात निघून जातात. शिवाय पृथ्वी गोल. रायपूरभोवतीच्या सपाट मैदानातही २५ मीटरचे दोन मास्ट उभारले, तर पल्ला जेमतेम ४१ किलोमीटर, म्हणजे साधारण दुर्गपर्यंत.

तोही कागदावर! नुसती रेषा मोकळी असून भागत नाही. तिच्याभोवतीची, मध्ये फुगलेली जागाही बरीचशी मोकळी लागते. तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ४०० मेगाहर्ट्‌झवर ४० किलोमीटरच्या दुव्यात मधोमध तिची त्रिज्या ८७ मीटरच्या आसपास भरते. म्हणजे मधली जमीन, झाडं सगळीच आड येतात. म्हणून एक तर टप्पे लहान ठेवायचे, नाही तर टेकडी गाठायची. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा आहे तो याच हिशेबानं. सैनिकाची पंचाईत अशी, की टेकडीचा माथा शत्रूलाही दिसतो. मग गाडी माथ्यामागे दडवायची आणि अँटेना तेवढी वर काढायची.

पुढचं काम चिकाटीचं. होकायंत्रावरून दिशा धरायची, तणाव्याचे दोर ताणून मास्ट पक्का करायचा, मग मीटरचा काटा पाहत अँटेना केसभर इकडे, केसभर तिकडे. एकीकडची उभी आणि दुसरीकडची आडवी बसली, तर दिशा अचूक असूनही सिग्नल कमालीचा पडतो. (नातू सुट्टीवर आला की हे सगळं खुशाल विचारा, ठाणं कुठे आणि फ्रिक्वेन्सी कोणती, हे मात्र तो सांगणार नाही.)

एवढा खटाटोप का, तर शॉर्टवेव्हवर बोलणं दूरचा कुणीही ऐकू शकतो आणि एका वेळी थोडंच मावतं. रिलेचा झोत अरुंद असतो. तो ऐकायला शत्रूला त्याच्या वाटेत किंवा अगदी जवळ यावं लागतं, आणि त्या एका झोतात अनेक संभाषणं, शिवाय डेटाही जातो. आता उपग्रह आले, ऑप्टिकल फायबर आले. पण फायबर तुटतो, उपग्रहाचा सिग्नल जॅम करता येतो, आणि पुढे सरकणाऱ्या तुकडीमागे कुणी रोज चर खणत बसत नाही.