आधी प्रिंटर लावून बघा

कोणतं लिनक्स टाकू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, घरात प्रिंटर कोणता आहे? लोक चक्रावतात. आमचं घोडं मात्र तिथेच अडलं होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. आमचा लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, विंडोज ११ च्या यादीत न बसणारा. बाकी यंत्र धडधाकट. दुकानदाराने डिस्क साफ करून लिनक्स मिंट टाकून दिलं. वाय-फाय, आवाज, यूट्यूब, सगळं सुरळीत. मग बायको, म्हणजे आमच्या सोसायटीची सेक्रेटरी, नोटिसा छापायला बसली. प्रिंटर जुना, यूएसबीवाला लेझर. कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर काढला होता खरा, पण तो फार जुन्या आवृत्त्यांपुरता. एकही कागद बाहेर येईना. त्यात मागच्या सभांची इतिवृत्तं जुन्या डीटीपी फॉन्टमधली. विंडोजबरोबर तो फॉन्टही पुसला गेला, आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं नि भलतीच चिन्हं दिसू लागली. सेक्रेटरीणबाईंनी मला त्या दिवशी काय ऐकवलं ते इथे देत नाही.

म्हणून सांगतो, डिस्कला हात लावण्याआधी मिंट किंवा उबुंटू ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. इन्स्टॉल करू नका. प्रिंटर, स्कॅनर, ब्लूटूथ, जे जे रोज लागतं ते जोडा. एक पान खरोखर छापा. झाकण मिटून पुन्हा उघडा. झोपलेला लॅपटॉप जागा होतो का, हे इथेच कळतं. मोबाइलवरून वाय-फायने थेट छापणारा प्रिंटर असेल तर तो बहुधा ड्रायव्हरशिवाय चालतो. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये आयता मिळतो, मात्र उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय असेल तर आयबस किंवा फायटिक्स (Fcitx) यांसारख्या टायपिंगच्या साधनातून ती सोय करून घ्यावी लागते. जुन्या फॉन्टमधला मजकूर विंडोज चालू आहे तोवरच युनिकोडमध्ये करून घ्या.

एवढं जमलं तर कोणतं घ्यायचं हा प्रश्न बराच सोपा होतो. दिसण्यावर जाऊ नका, अपडेट किती वर्षं मिळणार ते बघा. उबुंटू २४.०४ एलटीएसला, म्हणजे दीर्घ आधाराच्या आवृत्तीला, निघाल्यापासून पाच वर्षं आहेत, त्यावर बेतलेलं मिंट २२ हे २०२९ पर्यंत चालेल. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने, फेडोराला साधारण तेरा. अर्थात शब्द मोडलाही जातो: सेंटओएस ८ या लिनक्सला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता, डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि २०२१ अखेर तो संपला. म्हणून मागे मोठा, जुना समुदाय असलेलं बरं. डेबियन १९९३ पासून चालू आहे. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा, बूटच्या सेटिंग बदलल्या की ती मागितली जाऊ शकते. त्याहून चांगलं म्हणजे नवी एसएसडी घालून तिच्यावर लिनक्स टाकणं आणि जुनी डिस्क आहे तशी काढून ठेवणं. आणि धंद्याचा हिशेब ज्या मशिनवर टॅलीत चालतो, त्याच्या वाटेला जाऊ नका.