मामांचा अंगठा आणि एक वेटोळं

मशीन डिझाईनच्या पेपरात स्प्रिंगचा प्रश्न हमखास येतो आणि आपण तो हमखास पाठ करून जातो. लोड दिलाय, डिफ्लेक्शन काढा. काढलं, मार्क मिळाले, विषय संपला! माझाही संपला होता. पण मामांच्या अंगठ्याने तो पुन्हा उघडायला लावला.

मामा पोलीस खात्यात हवालदार आहेत. फायरिंगची प्रॅक्टिस करून घरी आले, तर उजव्या हाताचा अंगठा सुजलेला. मला वाटलं पिस्तुलाचा झटका बसला असेल. मामा म्हणाले, "गोळी झाडायला काही लागत नाही रे, मॅगझिन भरताना जीव जातो. पहिले सात-आठ राउंड बरे जातात, पुढे अंगठा दाद देत नाही. पोरं भरून मोकळी होतात आणि मी आपला झटतोय. तू इंजिनिअर ना? स्प्रिंग जरा सैल करता येते का सांग."

मी ऐटीत सांगून टाकलं, "त्यात काय मामा, एक वेटोळं कापायचं!"

मामा हसले नाहीत. म्हणाले, "आधी गणित करून बघ. बंदोबस्तात ते माझ्या कमरेला असतं."

त्या एका वाक्याने मी वही काढली.

आत असतं काय?

मामांचं पिस्तूल 9 मि.मी.चं. मूळ डिझाईन ब्राउनिंग हाय-पॉवरचं. आपल्याकडे ते इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलं. जॉन ब्राउनिंग 1926 साली वारला. त्यानंतर बेल्जियमच्या एफ. एन. कंपनीत द्यूदोने सेव्ह याने हे काम पुरं केलं आणि 1935 मध्ये पिस्तूल बाजारात आलं. त्याची खासियत म्हणजे मॅगझिन. राउंड एकावर एक न ठेवता दोन रांगांत नागमोडी बसवल्यामुळे मुठीत मावणाऱ्या डबीत 13 राउंड बसतात.

पण तोंडाशी या दोन रांगांची एकच रांग होते. वरच्या पत्र्याच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या असतात. त्या राउंडला धरून ठेवतात. त्यामुळे नवा राउंड वरून सरळ दाबून बसत नाही. आधीचा राउंड खाली दाबायचा आणि नवा पुढून मागे, कडांखाली सरकवायचा. एकाच अंगठ्याने दोन कामं! शिवाय रांगा जिथे एकत्र येतात तिथे राउंड पाचरीसारखे एकमेकांवर घासतात, ते वेगळंच.

स्प्रिंग एवढी कडक का?

गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि लगेच पुढे येते. हे सगळं सेकंदाच्या काही शतांशांत होतं. तेवढ्या वेळात स्प्रिंगने पुढचा राउंड वर आणून द्यायचा. उशीर झाला तर स्लाइड त्याच्यावरून निघून जाते किंवा राउंड मध्येच अडकतो.

आता गंमत बघा. मॅगझिन भरलेलं असताना स्प्रिंग पूर्ण दबलेली असते, म्हणजे जोर सर्वांत जास्त. रिकामं होत आलं की जोर सर्वांत कमी. म्हणून डिझाईन करणाऱ्याला काळजी तेराव्या राउंडला दाबणाऱ्या अंगठ्याची नसते. शेवटचा राउंड वर येण्याची असते. त्यासाठी डबीपेक्षा बरीच लांब स्प्रिंग आत कोंबतात. मॅगझिन रिकामं असतानाही ती दबलेलीच राहते. यालाच आपण वर्गात प्रीलोड म्हणतो.

हिशोबापुरते आकडे धरू. मोकळी स्प्रिंग 165 मि.मी., वेटोळी 15, कडकपणा मि.मी.ला 0.2 न्यूटन. रिकाम्या मॅगझिनमध्ये तिची लांबी 105 मि.मी., म्हणजे 60 मि.मी. दबलेली. जोर 12 न्यूटन. 13 राउंड भरताना ती आणखी 75 मि.मी. दबते, जोर होतो 27 न्यूटन.

आता माझं ते "एक वेटोळं" कापू. स्प्रिंग 11 मि.मी.ने आखूड झाली. पण वेटोळी कमी झाली की कडकपणा वाढतो! (सूत्रात वेटोळ्यांची संख्या छेदात आहे, पाठ केलं होतं, कळलं आत्ता.) नवा कडकपणा 0.214. रिकाम्या मॅगझिनमधला जोर 10.5 न्यूटन, भरलेल्यामधला 26.6.

म्हणजे अंगठ्याचा त्रास कमी झाला दीड टक्का, आणि शेवटच्या राउंडचा जोर गेला साडेबारा टक्के! मामांचा अंगठा सुजायचा तो सुजलाच असता, वर ऐन वेळी पिस्तूल दगा देऊ शकलं असतं. वही बघून मला घाम फुटला.

मग अंगठ्याचं काय?

त्याच आकड्यांवरून दुसरा हिशोब केला. घर्षण सोडलं तर पूर्ण मॅगझिन भरायला ऊर्जा लागते साधारण दीड ज्यूल. किलोभर साखरेची पिशवी साधारण 15 सें.मी. उचलली तर एवढंच काम होतं. म्हणजे काम फार नाहीच. ते अंगठ्याच्या टोकाएवढ्या जागेवर, धातूच्या कडेवर येतं, हे दुखणं आहे. म्हणून स्प्रिंगला हात न लावता भरायची पद्धत बदलायची.

1. मॅगझिन हवेत धरू नका. तळ टेबलावर टेकवा. दाबायला खांद्याचा आणि शरीराचा भार मिळतो.

2. दोन कामं दोन अंगठ्यांना वाटून द्या. डाव्या अंगठ्याने आधीचा राउंड दाबून धरा, उजव्याने नवा मागे सरकवा.

3. लोडर वापरा. साधा लोडर म्हणजे मॅगझिनच्या तोंडावर बसणारी प्लॅस्टिकची टोपी. अंगठा तिच्या रुंद पाठीवर दाबतो, तिची जीभ राउंडला दाबते. इस्रायलच्या मॅगलुला कंपनीच्या 'अपलुला'त त्याहून पुढची युक्ती आहे. हँडल मुठीत आवळून लोडर खाली दाबला की त्याची चोच वरचा राउंड खाली ढकलते. झालेल्या जागेत नवा राउंड सोडायचा. अंगठ्याचं काम अख्ख्या पंजाने वाटून घेतलं.

4. मॅगझिन स्वच्छ आणि कोरडं ठेवा. धूळ बसली की घर्षण वाढतं. आत तेल सोडलं तर त्यावर धूळ चिकटते, म्हणून तो मोह नको.

5. चालत असेल तिथे एक राउंड कमी भरा. सर्वांत जड राउंड शेवटचाच असतो.

आणि हे सगळं मॅगझिन पिस्तुलाबाहेर असताना, रेंजवर, हुकूम झाल्यावरच. मॅगझिन खरोखरच बिघडलं असेल तर ते आर्मररकडे द्यायचं. कानस घेऊन आपण बसायचं नाही.

पुढच्या प्रॅक्टिसला मामांनी टेबल आणि दोन अंगठे, एवढंच वापरलं. संध्याकाळी घरी आले आणि काही न बोलता अंगठा माझ्यासमोर धरला. लाल होता, पण सुजला नव्हता. मग म्हणाले, "वेटोळं कापलं असतंस तर?"

मी वही पुढे केली. मामांना त्यातलं गणित कळलं नसेल, पण 12 खोडून 10.5 लिहिलेलं त्यांनी बराच वेळ पाहिलं.

तेव्हा दोस्तांनो, एखादी गोष्ट कडक लागली की लगेच सैल करायला धावू नका. ती कुणासाठी कडक ठेवलीय ते आधी विचारा. आणि हो, सूत्रातला छेद नीट वाचा!