काय ठेवायचं, काय गाळायचं : फोटो-व्हिडिओ कॉम्प्रेशनमधलं करिअर

बँकभरतीचा ऑनलाइन अर्ज भरताना फोटो २० ते ५० केबीत बसवावा लागतो आणि सही १० ते २० केबीत. गोंदिया जिल्ह्यातल्या बोदलकसा परिसरातली मुलं त्यासाठी तिरोड्याच्या सेवा केंद्रात जातात. तिथला मुलगा दोन-चार क्लिक करतो, फोटो ‘बसतो’ आणि अर्ज पुढे सरकतो. त्या क्लिकमागे जे घडतं ते जाणणाऱ्या इंजिनिअरांना मोबाइल, टीव्ही, उपग्रह आणि सिनेमा या सगळ्या क्षेत्रांत काम आहे, हे मात्र मुलांना आणि पालकांना कोणी सांगत नाही. आपल्याकडे बारावीनंतरची चर्चा पोलीस भरती, वनरक्षक, नर्सिंग, तिरोड्याचं औष्णिक वीज केंद्र किंवा नुसतं ‘कॉम्प्युटर’ इथवर येऊन थांबते. त्या ‘कॉम्प्युटर’च्या पोटातली ही एक शाखा गणित आवडणाऱ्या मुलांनी नीट पाहावी अशी आहे.

मुळात अडचण काय?

साधा हिशेब करू. फुल एचडी व्हिडिओच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रं धरली तर एका सेकंदाला साडेपंधरा कोटी बाइट होतात आणि मिनिटाला ९.३ जीबी. दिवसाला दीड-दोन जीबी डेटा देणाऱ्या रिचार्जवर असा व्हिडिओ पंधरा सेकंदही चालायचा नाही. प्रत्यक्षात मोबाइल तोच एक मिनिट शंभर-सव्वाशे एमबीत साठवतो. उरलेली माहिती गाळली जाते आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. काय गाळलं तर डोळ्याला कळणार नाही हे ठरवणं, ते झटपट करणं आणि बॅटरी न खाता करणं हे या इंजिनिअरांचं काम.

एका फोटोचं काय होतं?

बोदलकसा तलावाचा फोटो काढला असं समजा. वर आकाश, मध्ये पाणी, काठाला दाट झाडी. जेपीईजी पद्धतीत आधी उजेडाची आणि रंगाची माहिती वेगळी केली जाते. डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तितका नाही, म्हणून रंगाची माहिती बहुधा चौथ्या हिश्शावर आणली तरी चालते. मग चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. एका चौकोनाचे ६४ आकडे कोसाइनच्या सूत्रातून काढले की पुन्हा ६४ आकडेच मिळतात, पण त्यांचा अर्थ बदलतो. पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो आणि पुढचे आकडे अधिकाधिक बारीक चढउतार सांगतात. आकाशाच्या चौकोनात पहिला आकडा मोठा येतो, बाकीचे जवळजवळ शून्य. झाडीच्या चौकोनात मात्र बरेच आकडे जागा अडवून बसतात.

पुढची पायरी भागाकाराची. प्रत्येक आकड्याला ठरावीक संख्येने भागून पूर्णांक करतात. धानाचा काटा करताना ग्रॅमचा हिशेब कोणी ठेवत नाही, तसे इथे बारीक चढउतार सोडून दिले जातात. माहिती गळते ती मुख्यतः याच पायरीवर. शेवटी शून्यांच्या रांगा एकत्र मोजतात आणि वारंवार येणाऱ्या आकड्यांना आखूड संकेत देतात.

व्हिडिओत आणखी एक सोय असते. जंगलात खांबाला बांधलेल्या कॅमेऱ्यासमोरून चितळ गेलं तर मागची झाडं या चित्रातून त्या चित्रात तशीच राहतात. ती पुन्हा पुन्हा साठवण्याची गरज नसते. चितळाचा तुकडा कुठून कुठे सरकला एवढं लिहून ठेवलं आणि उरलेला थोडा फरक जोडला की काम भागतं.

हे सगळं आलं कुठून? कोसाइनची ही पद्धत मांडली बंगळूरमध्ये जन्मलेल्या आणि तिथेच इंजिनिअरिंग शिकलेल्या नासिर अहमद यांनी. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे या संशोधनासाठी निधी मागितला, तो नाकारला गेला. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी काम पुरं केलं आणि जानेवारी १९७४ मध्ये शोधनिबंध छापला. १९९२ च्या जेपीईजीचा पाया तोच. आखूड संकेतांची युक्ती डेव्हिड हफमन या एमआयटीतल्या विद्यार्थ्याची. प्राध्यापकांनी अंतिम परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याची मुभा दिली होती. त्या निबंधासाठी काढलेली पद्धत १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही तुमच्या मोबाइलमधल्या जेपीईजी फोटोत ती वापरात आहे.

कामं कुठे आहेत?

घरातल्या टीव्हीपासून सुरुवात करा. डीडी फ्री डिशवर काही वाहिन्या एमपेग-२ या जुन्या कॉम्प्रेशन-पद्धतीत येतात, काही एमपेग-४ या नव्या पद्धतीत. जुन्या सेट-टॉप बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत त्याचं एक कारण हेच. नवी पद्धत तेवढ्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. २००३ चं एच.२६४, २०१३ चं एच.२६५, २०१८ चं एव्ही१ आणि २०२० चं एच.२६६ ही याच वाटेवरची पुढची पावलं. प्रत्येक नव्या पद्धतीबरोबर चिप, मोबाइल, टीव्ही आणि ॲप नव्याने तयार करावी लागतात. चिप कंपन्या, मोबाइल कंपन्या आणि कोडेक (व्हिडिओ दाबण्या-उलगडण्याची यंत्रणा) बनवणाऱ्या कंपन्यांतलं मोठं काम इथे असतं आणि भारतात ते मुख्यतः बंगळूर, हैदराबाद, चेन्नई आणि पुण्यात चालतं.

दुसरं क्षेत्र थेट प्रक्षेपणाचं. १९ नोव्हेंबर २०२३ च्या क्रिकेट विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक असल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. नेटवर्क कमी झालं तरी सामना न थांबता जरा धूसर का होईना चालू राहतो, कारण तोच व्हिडिओ वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवलेला असतो.

तिसरं क्षेत्र आपल्या दाराशी आहे. मंगेझरी आणि चोरखमाऱ्याच्या बाजूने नागझिऱ्यात शिरलं की झाडांना बांधलेले ट्रॅप कॅमेरे असतात. २०१८ च्या देशभरातल्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ३,४८,५८,६२३ छायाचित्रं जमा झाली. त्यांतली वाघांची होती ७६,६५१. इतकी चित्रं साठवणं, पाठवणं, चाळणं हे वनखात्याइतकंच संगणकशास्त्राचंही काम आहे. चित्र फार दाबलं तर वाघाचे पट्टे पुसट होतात आणि वाघ ओळखायचा असतो तो पट्ट्यांवरूनच. किती दाबायचं याचा निर्णय म्हणूनच जाणकाराकडे हवा.

उपग्रहांचंही तसंच. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं कोणालाही फुकट उतरवून घेता येतात आणि ती जेपीईजी २००० या स्वरूपात येतात. जूनमधलं आणि ऑक्टोबरमधलं चित्र शेजारी ठेवलं की बोदलकसा तलावाचं पाणी किती पसरलं ते दिसतं. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उपग्रह-चित्रांवरच काम करतं. डिजिटल सिनेमागृहात येणारा चित्रपटही जेपीईजी २००० मध्येच बांधलेला असतो. जुने चित्रपट डिजिटल करून जपणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी प्रश्न उलटा असतो, तिथे शक्य तितकं काहीच गळू द्यायचं नसतं. रुग्णालयातल्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनबद्दलही हीच सावधगिरी लागते.

शिकायचं काय आणि कुठे?

‘इमेज कॉम्प्रेशन’ नावाची पदवी शोधू नका. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलं तर एमएचटी-सीईटी किंवा जेईई मेनमधून इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन किंवा कॉम्प्युटर शाखा मिळते. आपल्याला जवळची ठिकाणं म्हणजे गोंदियातली महाविद्यालयं आणि नागपूरला व्हीएनआयटी, ट्रिपल आयटी, शासकीय अभियांत्रिकी. बी.एस्सी. करून एमसीएकडे वळणाऱ्यांनाही हा रस्ता बंद नाही. पदवीनंतर गेटमधून एम.टेक. करता येतं, किंवा सी-कॅट देऊन सी-डॅकचा पदव्युत्तर डिप्लोमा.

पक्कं करायचं ते चार गोष्टींत: त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि सी भाषा. सोबत पायथन. आयआयटी खरगपूरच्या प्रा. पी. के. बिस्वास यांचा ‘डिजिटल इमेज प्रोसेसिंग’ हा एनपीटेलवरचा अभ्यासक्रम घरबसल्या फुकट पाहता येतो. गोन्झालेझ आणि वुड्स यांचं याच नावाचं पाठ्यपुस्तक बहुतेक कॉलेजांच्या ग्रंथालयात असतं.

पालकांचे तीन प्रश्न

खर्च झेपेल का? महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या प्रवेशाच्या वेळीच तपासा. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस कुटुंबांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केलं आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. मुलीला ‘एवढ्या लांब कशाला’ म्हणून थांबवण्याआधी हा हिशेब मांडा.

एआय हे काम खाणार का? कॉम्प्रेशनमध्ये एआय शिरलं आहे, न्यूरल नेटवर्कने चित्र लहान करण्याच्या पद्धतींवर जोरात काम चालू आहे. पण त्या पद्धतींनाही तेच गणित लागतं. नुसतं सॉफ्टवेअरचं बटण दाबणाऱ्याचं काम जाईल, आत काय चाललंय ते कळणाऱ्याचं सहसा जाणार नाही.

नोकरी गावाजवळ मिळेल का? पहिली काही वर्षं तरी बहुधा नाही. ते मनाशी धरूनच निर्णय घ्या. आणि दोन महिन्यांत ‘मल्टिमीडिया एक्सपर्ट’ करून मोठ्या पॅकेजची हमी देणाऱ्या क्लासला पैसे भरू नका. अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

या सुट्टीत करून पाहा

कल तपासायला क्लास लागत नाही. मोबाइल एका दगडाला टेकवून दहा सेकंद शांत पाण्याचा व्हिडिओ घ्या, मग दहा सेकंद वाऱ्याने हलणाऱ्या झाडीचा. दोन्ही फाइली संगणकावर एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमधून एक्स२६४ वापरून दाबा. त्यात सीआरएफ नावाचा एक आकडा ० ते ५१ पर्यंत ठरवता येतो, मुळात तो २३ असतो. आधी २३ ठेवा, मग ३५ करा. झाडीची फाइल पाण्याच्या फाइलपेक्षा मोठी येते आणि ३५ वर पानांचा लगदा होतो, चौकोन दिसू लागतात. मग वहीच्या एका पानाचा फोटो जेपीईजीत सर्वांत कमी दर्जावर साठवा आणि अक्षरांभोवती उठणारे राखाडी ठिपके मोठे करून पाहा. आकाशात हे का होत नाही, असा प्रश्न लेकराला आपणहून पडला आणि उत्तर शोधायला ते बसलं, तर त्याच्यासाठी ही शाखा योग्य आहे. नाही पडला तर वाईट वाटून घेऊ नका, दुसरी शाखा पाहा. पालकांनो, निर्णय शेजारच्याच्या मुलाला मिळालेल्या पॅकेजवरून घेऊ नका. आपलं लेकरू त्या प्रश्नापाशी किती वेळ रमलं, ते पाहून घ्या.